डावा हात मागं राहिला

निजामाच्या अमलातली गोष्ट. सेनगावच्या अलीकडं आमचं गाव, आन् गावाला बांगड्या भरायचा मान आमच्या मणेराच्या घराचा. चाळीस वर्षं मीच भरल्या. खतीजाबी आल्याबगर नवरीचा चुडा व्हत नसे.

बांगडी भरणं म्हंजे दोन हातांचं काम. डाव्यानं पोरीचा पंजा दाबायचा, उजव्यानं बांगडी रेटायची, एकाच दमात. त्या साली माझा मेला डावा हात उशिरा यायला लागला. एकेकटा हात मजबूत व्हता. उजव्यानं भरली घागर उचलायची, डाव्यानं अडेल बकरी ओढून आणायची. दोघांना एका कामाला लावलं की बिघडलंच.

सून जाहेदा म्हणाली, "अम्मा, रुख्मिणीबाईच्या नीलाचा चुडा मी भरते."

मी उसळले. "काहून? मी मेले का? तिच्या मायचा बी मीच भरला व्हता!"

एकदा सुनेनं नवरीचा चुडा भरला, की घराघरातून तिलाच बोलावणं येणार, हे मला पक्कं ठाऊक व्हतं.

मांडवात बायका जमल्या. मी भरायला बसले, जाहेदा बांगड्या घेऊन शेजारी बसली. नीलाचा हात शेतात राबून टणक झालेला. पहिल्या दोन बराबर गेल्या. तिसरीला उजवा पुढं गेला, डावा मागंच राहिला आन् बांगडी पिचली. लग्नघरात फुटली म्हणत न्हाईत. "वाढली, वाढली," बायका म्हणाल्या. पुढची बी वाढली. नीलाच्या मनगटावर रक्त आलं.

रुख्मिणीबाईनं पोरीचा हात माझ्या मांडीवरून उचलला आन् जाहेदाच्या मांडीवर ठेवला. रागानं न्हाई, सांभाळून. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाहेदानं बघता बघता दोन्ही हात भरले, एक बी वाढली न्हाई.

चुडा झाला की नवरी भरणारीच्या पाया पडते. नीला माझ्याकडं वळली. मायनं तिचा खांदा धरून तिला जाहेदाकडं फिरवलं. जाहेदा गोंधळली. काय म्हणायचं तिला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हण की," मी हळूच म्हणाले, "चुडा अखंड राहो."

तिनं मोठ्यानं म्हटलं. बायका खूश झाल्या. मला रडू यायला पायजे व्हतं. न्हाई आलं.