रिकाम्या झोळीचं वजन

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत कधी डोकावलात, तर फिनेलच्या कॅनच्या वर, खिळ्याला लटकलेलं एक गोल तोंड तुम्हाला दिसेल. काच तडकलेली, अंक पिवळे पडलेले. बघणारे म्हणतात, घड्याळ बंद पडलंय वाटतं. अहो, घड्याळ कुठलं! मी एक जुना वजनकाटा आहे, लहान बाळांना टांगून तोलणारा. माझ्या पोटात स्प्रिंग आहे, पोटाखाली हूक आहे, आणि त्या हुकाला आज काहीही लटकत नाही. वजन नसलेल्या काट्याला किती हलकं हलकं आणि किती वाईट वाटतं, ते तुम्हाला कसं सांगू?

मला घडवलं तेव्हा कारखान्यात लोखंडी वजनं लावून माझी परीक्षा झाली होती. मी पासही झालो. माझे भाऊबंद एकेक करून कांद्याच्या वखारीत आणि मासळीबाजारात गेले. आपल्यालाही असंच भरभक्कम काम मिळेल, लोक आपल्यासमोर घासाघीस करतील, अशी माझी स्वप्नं होती. पण मला आणलं ते या छोट्या दवाखान्यात. पहिल्याच दिवशी माझ्या हुकाला एक रडणारं बाळ लटकवलं आणि त्याने खाली उभ्या असलेल्या सिस्टरांना भर व्हरांड्यात आंघोळ घातली. मी म्हटलं, झालं, आपलं नशीबच फुटकं!

त्या सिस्टर म्हणजे इथल्या नर्सबाई. बुटक्या, गोलमटोल, चालल्या की चपलांचा फटफट आवाज व्हायचा. महिन्यातून एकदा वजनाचा दिवस असायचा. त्या दिवशी त्या स्टुलावर चढून मला व्हरांड्याच्या तुळईला टांगायच्या. मग माझ्या हुकाला नुसती रिकामी झोळी लावायच्या. ती झोळी म्हणजे जुन्या चादरीची, पातळशी. झोळीच्या वजनाने माझा काटा जरासा सरकायचा, तो सिस्टर माझ्या कानापाशी असलेला स्क्रू पिळून पुन्हा शून्यावर आणायच्या. त्यानंतरच बाळाची पाळी. “झोळीचं झोळीला, बाळाचं बाळाला,” असं त्या दर वेळी पुटपुटायच्या. हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. एकदा सोडून. तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

आतल्या खोलीत डॉक्टर आजारी माणसं तपासायचे. बाहेर व्हरांड्यात मात्र आमच्याकडे यायची ती धडधाकट बाळं. कुणाला ताप नाही, कुणाला खोकला नाही, तरी आया त्यांना काखेत मारून यायच्या. सिस्टर त्यांना कधी ‘काय होतंय’ असं विचारत नसत. ‘काल काय खाल्लं’ असं विचारत. मग डाळ किती, अंडं देता का, भाजी कुस्करून घालता का, असं सगळं खोदून खोदून काढत. डॉक्टर बाहेर येऊन थट्टा करायचे की, सिस्टर, तुम्ही असंच चालू ठेवलंत तर माझं दुकान बंद पडेल. सिस्टर म्हणायच्या, पडू द्या. एखाद्या बाळाचं वजन चांगलं वाढलं की आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि माझ्याही! माझ्या अंगावर मांस कुठे आहे म्हणा, पण भावना पोहोचल्या असतील.

या बाळांमध्ये एक होती मुंगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिला सगळे मुंगीच म्हणत. तिची आई लॉन्ड्रीत कामाला होती. सकाळी जी जायची ती दिवसभर चादरींना इस्त्री करून संध्याकाळी परतायची. मुंगीला सांभाळायचे तिच्या आईचे वडील. ते शिंपी. आजोबांनी शिलाईचं मशीन घरातच खिडकीपाशी मांडलं होतं. एक पाय मशीनवर आणि दुसऱ्या पायाने पाळण्याची दोरी, असा त्यांचा संसार चालायचा. नातीवर इतका जीव की विचारू नका. वजनाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

पण मुंगीचं वजन काही वाढेना. दोन महिने काटा तिथल्या तिथेच. गाल मात्र गोबरे दिसायचे, हसायचीही छान, त्यामुळे आजोबांना काही वाटत नसे. सिस्टरांना वाटत असे. त्या विचारायच्या, आजोबा, डाळ देता ना? देतो. भात? देतो की. भाजी? ती पण. आजोबा खोटं बोलत नव्हते हो. मग वजन कुठे जात होतं, ते सिस्टरांना कळेना, मग मला कुठून कळणार?

थंडीचे दिवस आले. वजनाच्या दिवशी आजोबा आले ते बगलेत एक गाठोडं घेऊन. त्यातून त्यांनी नवी कोरी झोळी काढली. काय सुरेख शिवली होती! आत कापसाचा थर, वरून टाके घातलेले, कडेला जाड पट्टे, कोपऱ्यात एक छोटीशी मुंगी भरलेली. बाळांना गार वारा लागू नये म्हणून रात्रंदिवस खपून शिवली होती त्यांनी. सगळ्या आया हात लावून बघायला लागल्या. सिस्टरांचे डोळे भरून आले. आणि पहिला मान आपल्या नातीला मिळावा म्हणून आजोबांनी लगेच मुंगीला झोळीत घातलंही. सिस्टरांनी ती भरलेली झोळी तशीच उचलली आणि माझ्या हुकाला लावली.

मी केवढ्याने ओरडलो असेन! अहो बाई, थांबा, आधी रिकामी! पण काट्याचं ओरडणं कोण ऐकतो? माझा काटा सरसर पुढे गेला. आजोबांचा आनंद गगनात मावेना. मुंगीचं वजन वाढलं, असं ते प्रत्येकाला सांगत सुटले. त्या दिवशी त्याच झोळीत तोललेल्या सगळ्याच बाळांची वजनं छान वाढलेली निघाली. व्हरांड्यात नुसती दिवाळी. सिस्टर दमल्या होत्या, खूश होत्या, आणि मी मूग गिळून लटकत होतो.

नवी झोळी चार-पाच दिवसांनी धुतली गेली. वाळल्यावर सिस्टरांनी ती, मी खोलीत खिळ्याला टांगलेला असताना, सहज माझ्या हुकाला अडकवली आणि वळून निघाल्या. मग काय वाटलं कोण जाणे, मागे वळून बघितलं. माझा काटा शून्यावर नव्हता. रिकाम्या झोळीनेच तो चांगला पावशेर पुढे गेला होता. सिस्टरांच्या लक्षात आलं, त्या दिवशी शून्य करायचंच राहिलं होतं. मग त्यांनी मला उतरवलं, दोन्ही झोळ्या घेतल्या आणि त्याच पावली आजोबांचं घर गाठलं.

आजोबांच्या खोलीत शिवून झालेले कपडे टांगायला एक लोखंडी दांडी होती. शर्ट बाजूला सारून सिस्टरांनी मला तिथे टांगलं. नवी झोळी रिकामीच लावली आणि आजोबांना काट्याकडे बघायला सांगितलं. माप घेण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“म्हणजे पोरीचं वजन वाढलंच नव्हतं,” ते म्हणाले. “वाढलं ते माझं कापड.”

“चूक माझी आहे, आजोबा. तुमच्या शिलाईची नाही.”

मग जुन्या झोळीत मुंगीला तोललं. वाढणं दूरच, वजन घटलं होतं. तिचं स्वेटर काढल्यावर काडीसारखे दंड दिसले. ते बघून सिस्टरांनी तिला पटकन छातीशी धरलं. त्या म्हणाल्या, आजोबा, आज मला विचारायचं नाहीये. तिचं जेवण कसं करता ते दाखवा.

आजोबांनी मोठ्या नेटकेपणाने दाखवलं. डाळ शिजवली होती, भात मऊ केला होता, भाजीही होती. सगळं एकत्र करून त्यांनी ते मलमलच्या स्वच्छ फडक्यात ओतलं आणि पिळलं. खाली वाटीत पाणी उतरलं. ते पाणी मुंगीचं, आणि फडक्यातला गोळा आजोबांच्या ताटात. इतके दिवस हेच चाललं होतं. बाळाच्या घशात एखादं शीत अडकलं तर काय, या धास्तीने ते सगळं गाळून देत होते. पोट भरल्यासारखं व्हायचं, पोर झोपायची, आणि अंगाला काही लागायचं नाही.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तो फडक्यातला गोळा घेतला, बोटांनी अगदी मऊ कुस्करला, वर थोडं तेल घातलं. चमचा तिरका करून दाखवला, तरी त्यातलं काही ओघळलं नाही. “इतकं घट्ट,” त्या म्हणाल्या. “बाळाला बसवून, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.”

“आणि अडकलं तर?” आजोबांनी विचारलं.

सिस्टरांनी पहिला घास मुंगीच्या ओठांशी नेला. आजोबांनी मशीनची कड घट्ट धरली होती. मुंगीने तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली, अर्धं हनुवटीवर सांडलं, अर्धं गिळलं. मग तिने दोन्ही हातांनी चमचाच ओढला. तेव्हा कुठे म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बाकीच्या बाळांनाही पुन्हा तोलायला बोलावलं, आणि डॉक्टरांनी मुंगीला नीट तपासलं. ते म्हणाले, वेळेत कळलं, आणखी उशीर झाला असता तर भरती करावं लागलं असतं. मग दर आठवड्याला मुंगी माझ्याकडे यायला लागली. आधी रिकामी झोळी, मग ती. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही. पुढच्या आठवड्यात किंचित हलला. त्यानंतर मात्र ती मला अशी काही खाली ओढायला लागली की माझी स्प्रिंग कुरकुरायची. तिची आई एकदा अर्धी सुटी टाकून आली, काट्याकडे बघत राहिली आणि पदराने माझी काच पुसून गेली. तसं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढे दवाखाना वाढला. खाटा आल्या, यंत्रं आली, सिस्टर निवृत्त झाल्या. आया म्हणायला लागल्या, बाळ बरं आहे ना, मग कशाला उगाच हेलपाटा? वजनाच्या दिवशी चार बाळं यायची, मग दोन, मग एकही नाही. मला उतरवलं. माझ्या जागी टेबलावर ठेवायचा नवा काटा आणला, कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी सुरुवातीला म्हणायचो. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो माझ्यापेक्षा जास्त बिनचूक आहे. त्याच्यावर आता फायली ठेवतात. आम्हा दोघांनाही कुणी विचारत नाही.

या खोलीचं दार अर्धवट उघडं असलं की मला समोरची रांग दिसते. खोकणारी, कण्हणारी, तापलेली बाळं. परवा एक आई स्वेटरात गुंडाळलेलं बाळ घेऊन गेली. खोकल्याचं औषध मिळालं, ती निघून गेली. त्या स्वेटरात किती बाळ होतं आणि किती लोकर, कुणी पाहिलं नाही. माझा हूक मात्र दिवसभर शिवशिवत होता.

मुंगीची मला फार आठवण येते. आजोबा मध्ये एकदा स्वतःच्या गुडघ्यासाठी आले होते. ते कुणाला तरी सांगत होते की ती आता मैदानावर पोरांना पळवून दमवते, ताट चाटूनपुसून खाते, आणि दवाखान्यात यायला तिला कारणच पडत नाही. मला इतका आनंद झाला आणि इतकं रडू आलं! जिची मी इतकी वाट बघतो, तिने या दाराशी येऊ नये म्हणूनच तर आम्ही सगळे राबलो होतो.

मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणणारे जगात पुष्कळ आहेत. तुमच्या घरी, शेजारी एखादं हसरं, खेळकर, धडधाकट बाळ असेल, तर आईला सांगा, ताईला सांगा, त्याला एकदा तोलून आणा, त्याच्या वाटीत काय पडतं ते कुणाला तरी दाखवा. मला नका टांगू, त्या टेबलावरच्या काट्यावरच्या फायली उचलल्यात तरी पुरे. आजारी पडल्यावर तर सगळेच येतात. तुम्ही बरे असताना या.