वल्लरी रडली नाही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. कृष्णधवल. मला पुढून लाकडी सरकती दारे आहेत. ती लावलेली असली की नवखा माणूस मला कपाट समजतो. पनवेलच्या बाजारात वहाबभाईंचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे, तिथल्या माळ्यावर मी पडून असतो. माझी पिक्चर ट्यूब गेली आहे. मी यंत्र आहे, मला सुखदुःख होत नाही. म्हणून जे घडले ते जसेच्या तसे सांगता येईल असे वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. लांब टेबलांपाशी बसलेल्या बायका बारीक चिमट्यांनी आमच्या आतल्या तारा जोडत. आम्ही सगळे एकसारखेच होतो, तेच भाग, तीच लाकडी पेटी. आमच्यातला कोण कुठल्या घरात जाणार, हे आमच्या अंगात कुठे लिहिलेले नव्हते. ते टेम्पोत कोणाला आधी चढवले त्यावर ठरले. मी पनवेलला आलो. साल एकोणीसशे शहाऐंशी.

तलावाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कमलाकर आणि वसुंधराबाई राहत. कमलाकर रसायनीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. बोलणे कमी. वसुंधराबाई घरातल्याच पुढच्या खोलीत बालवाडी चालवत आणि दोघांच्या वाटचे एकट्या बोलत. त्यांची मुलगी वल्लरी तेव्हा अकरा वर्षांची होती. मला हळदकुंकू तिनेच वाहिले. मग कमलाकर गच्चीवर अँटेना फिरवायला गेले, वल्लरी जिन्यात उभी राहिली आणि बाई माझ्यासमोर. "आलं, आलं, थांबा... गेलं." हा निरोप जिन्यातून वर जाईपर्यंत चित्र पुन्हा बदललेले असे. त्या संध्याकाळी घरात खूप हसणे झाले.

वल्लरी या दोघांच्या पोटची नव्हती. ती रांगतही नव्हती तेव्हा पुण्याच्या एका संस्थेतून त्यांनी तिला आणले होते. हे त्या घरात कुणी कुणापासून लपवले नव्हते. दर वाढदिवसाला बाई तिला ती हकिगत सांगत: एसटीतून येताना घाटात तिने कमलाकरांच्या नव्या सदऱ्यावर दूध कसे ओकले, आणि ते कसे तसेच बसून राहिले, कारण हलले तर ती जागी झाली असती. वल्लरीला ती हकिगत पाठ होती. एखादा शब्द चुकला की ती आईला दुरुस्त करी. इमारतीतल्या लोकांनाही हे ठाऊक होते आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे. म्हणजे असे आम्हाला वाटत होते.

मग ती मालिका सुरू झाली.

तिचे नाव मी सांगत नाही. आता ते कुणाला आठवतही नसेल. दर बुधवारी संध्याकाळी ती लागे. तिची नायिका होती अनुष्का नावाची पंधरा वर्षांची मुलगी. एका मोठ्या डॉक्टरांनी तिला दत्तक घेतलेले असते. बंगला असतो, पियानो असतो. पण अनुष्का खोटे बोलते, आजीचे कानातले चोरते, मोलकरणीवर आळ घेते. त्यावर आजी दर भागात एकदा तरी म्हणते, शेवटी रक्त ते रक्तच. आणि डॉक्टर म्हणतात, नाही, संस्कार मोठे. खरे काय ते शेवटच्या भागात कळणार होते. तोवर लोकांना दम निघत नव्हता.

वल्लरीही तेव्हा पंधरा वर्षांची झाली होती.

बुधवारी आमच्याकडे शेजारपाजारच्या बायका येत. खालच्या मजल्यावरच्या सायराभाभी येत. त्या याच वहाबभाईंच्या पत्नी. पेणहून आलेल्या असल्या तर कमलाकरांच्या थोरल्या बहीण मालूआत्याही असत. घरातली सगळी माणसे माझ्याकडे तोंड करून बसत, त्यामुळे त्यांचे चेहरे मला समोरून दिसत. अनुष्काने काही वाईट केले की बायकांचे डोळे पडद्यावरून निघत, वल्लरीवर क्षणभर टेकत आणि परत येत. त्यात दुष्टपणा नव्हता. माशी जशी बसते आणि उडते तसे ते होते. पण वल्लरीला ते कळत असे. ती सरळ पुढे बघत राही.

एकदा कुणीतरी वसुंधराबाईंनाच विचारले, तुम्हाला काय वाटते, रक्त की संस्कार? बाई म्हणाल्या, "मला वाटतं आमटी उतू चाललीय," आणि आत गेल्या. आमटी उतू जात नव्हती. शेगडीवर काही नव्हतेच.

हळूहळू वल्लरी स्वतःला तपासू लागली. शाळेत गृहपाठाबद्दल काही थाप मारली, तर घरी येऊन आरशात बघत बसे. गाणे जमत नसे, त्याचे कारण तिला आता सापडले होते. राग लवकर येई, त्याचेही. एका दुपारी कशावरून तरी मायलेकींचे वाजले आणि तिने जेवणाचे ताट भिरकावले. भात माझ्या दारांपर्यंत उडाला. ती थंडपणे म्हणाली, "हे माझं नाहीये. माझ्या रक्तातच असेल."

 वसुंधराबाई म्हणाल्या, "ज्यांचं असेल त्यांचं असो. ताट तू फेकलंस, उचलणार तूच."

वल्लरीने ताट उचलले, फरशी पुसली. बाईंनी दुसरे पान वाढले. त्या विषयावर त्या दोघी परत बोलल्याचे मी ऐकले नाही. बोलायचे राहून गेले असेल.

त्याच वर्षी श्रावणात बाईंना कावीळ झाली. आधी सगळ्यांना वाटले पथ्याने जाईल. डोळे पिवळे असतानाही त्या खाटेवरून बालवाडीच्या मुलांना गोष्ट सांगत. मग मुलांना घरी पाठवले. मग त्यांना इस्पितळात नेले. तिथून त्या आल्या नाहीत. म्हणजे आणल्या, पण तशा.

माझी दारे लावून माझ्यावर चादर टाकली होती. मला दिसत नव्हते, ऐकू येत होते. बायकांच्या रडण्याचे आवाज मी एकेक ओळखले. मालूआत्यांचा सगळ्यांत मोठा होता आणि तो खरा होता; वहिनीवर त्यांचा जीव होता. वल्लरीचा आवाज त्यात नव्हता. कुणीतरी तिला म्हणत होते, रडून घे बाळ, एकदा चेहरा बघ, मोकळी हो. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. स्वयंपाकघरात किती कप चहा टाकायचा, ते ती विचारत होती.

पुढचे दिवस तसेच गेले. तिने भांडी घासली, आलेल्यांना पाणी दिले, वडिलांच्या डब्याचा फडका धुऊन वाळत घातला. रडली नाही. लोक दबक्या आवाजात बोलत, पण मी भिंतीलगतच असल्याने मला ऐकू येई. पोटची असती तर धाय मोकलून रडली असती, असे ते म्हणत. कमलाकरही रडले नव्हते. त्यांच्याबद्दल लोक म्हणत, मोठा धीराचा माणूस.

सायराभाभी रोज संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजी घेऊन वर येत. त्यांनी वल्लरीला रड असे कधी सांगितले नाही. एकदा एवढेच म्हणाल्या, "रोना नाही येत तर राहू दे, बेटा. पण दोन घास खा माझ्यासमोर." वल्लरीने खाल्ले. चव लागली का, असे भाभींनी विचारले. नाही, असे ती म्हणाली.

दिवसकार्य उरकले तरी मालूआत्या पेणला परत गेल्या नाहीत. मित्रांनो, आत्यांना वाईट समजू नका. त्यांचा भाऊ जेवत नव्हता, कामावरून येऊन खिडकीपाशी बसून राहत होता. त्यांना त्याची काळजी होती. त्यांनी त्याच्यासमोर एक विचार मांडला. मुलीला पुण्याच्या त्या संस्थेच्याच वसतिगृहात ठेवावे, तिथे शिक्षण नीट होईल. आणि आपला धाकटा मुलगा विश्वजीत इथे येऊन राहील, कॉलेजही जवळ पडेल, घरात आपले माणूस होईल. "हिला कशाचं काही नाही रे. तुला म्हातारपणी कोण बघणार?"

कमलाकर म्हणाले, "बघू."

त्या दिवसांत ते सगळ्यालाच बघू म्हणत. भाजी कुठली आणू, बघू. दाढी कधी करणार, बघू. पण वल्लरी स्वयंपाकघरात होती आणि तिने हा बघू ऐकला. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याच शेजारी बसून पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरले. घाई नाही, आदळआपट नाही. शाळेच्या दप्तराची बक्कले सगळ्यांत शेवटी वाजली. जणू दुसऱ्याच कुणाचे सामान ती बांधत होती. कमलाकरांची पावले येता-जाता त्या ट्रंकेपाशी थबकत. त्यांनी काही विचारले नाही आणि तिने काही सांगितले नाही.

मग एका बुधवारी शेजारच्या बायकांनी चाचरत विचारले, टीव्ही लावायला हरकत नसेल तर, मालिका संपत आली आहे. आत्यांनी परवानगी दिली. माझ्यावरची चादर निघाली, दारे सरकली आणि बऱ्याच दिवसांनी मला सगळे दिसले. वल्लरी भिंतीला टेकून ट्रंकेवरच बसली होती. खूप बारीक झाली होती. कमलाकर खिडकीपाशी खुर्चीत होते. दोघांनीही हाताची घडी घातली होती, आणि दोघांचीही डाव्या हाताची बोटे उजव्या बाहीची शिवण चाचपत होती. एकसारखी. ते एकमेकांकडे बघत नव्हते, त्यामुळे त्यांना ते ठाऊक नव्हते. बाकीची माणसे माझ्याकडे बघत होती.

पडद्यावर डॉक्टरांची बायको मरणाला टेकली होती. अनुष्का तिच्या पायांवर डोके ठेवून हुंदके देत होती. पार्श्वसंगीत चढत होते. दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली होती, तीच अनुष्काची खरी आई असणार हे सगळ्यांनी ओळखले होते. आता आजी बोलणार, आता निकाल लागणार. खोलीतल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मग नेहमीप्रमाणे ते डोळे वल्लरीकडे वळले, आणि या वेळी तिच्यावरच राहिले.

मालूआत्या रडतच म्हणाल्या, "बघ गं बाई. नाटकातली पोरसुद्धा रडतेय आईसाठी."

कमलाकर उठले. त्यांनी माझे बटण फिरवले. चित्र आकसून मधोमध एक ठिपका झाला आणि विझला. त्यांनी माझी दोन्ही दारे लावली. त्यानंतरचे मी पाहिले नाही, फक्त ऐकले.

"मालू," ते म्हणाले. थोरल्या बहिणीला ते ताई म्हणत. नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. "मीही अजून रडलो नाही. मला कुठे पाठवतेस?"

 चपला पायात सरकवल्याचे आवाज झाले. बायका गेल्या. सायराभाभींनी जाताना दार हलकेच ओढून घेतले. आत्या आत गेल्या, आणि आतून त्यांचे नाक शिंकरणे ऐकू आले.

बऱ्याच वेळाने वल्लरी म्हणाली, "बाबा, मला खरंच काही वाटत नाही. नुसतं सुन्न असतं."

"मलाही."

"माझ्या रक्तातच असेल ते."

"मग माझ्यात कुठून आलं?"

 मग त्यांनीच विचारले, भात आहे का? ती म्हणाली, दुपारचा आहे, फोडणी घालते. दोघे उठले. त्या दिवशीही कुणी रडले नाही. पण ट्रंक फरशीवरून ओढत पलंगाखाली ढकलल्याचा आवाज मी ऐकला. ओढणारे दोघे होते.

आत्या त्याच आठवड्यात पेणला गेल्या. जाताना त्यांनी वल्लरीच्या हातात मेतकुटाचा डबा दिला आणि बाबाला वेळेवर वाढत जा, असे सांगितले. त्यांचे मत बदलले की नाही, ते मला माहीत नाही. विश्वजीत मात्र राहायला आला नाही. मालिका कशी संपली तेही मला माहीत नाही. शेवटच्या बुधवारी मी बंद होतो. रक्त जिंकले की संस्कार, ते पनवेलात सगळ्यांनी पाहिले, फक्त आमच्या घराने पाहिले नाही.

पुढे माझी दारे पुन्हा उघडी राहू लागली. मार्गशीर्षात एका सकाळी कामोठ्याहून भाजी विकायला येणारी वेणू दारात आली. सोबत तिची छोटी जनी होती. पाटी-पेन्सिल घेऊन. गणपतीच्या आधीच मायलेकी दूर भावाच्या गावी गेल्या होत्या, त्यांना काही कळलेले नव्हते. वेणू म्हणाली, "बाई हाय ना? पोरीला बसवाचीय बालवारीन."

वल्लरीने दाराची कडी धरली होती. ती म्हणाली, "आई नाही." मग म्हणाली, "आई गेली."

इतक्या महिन्यांत हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. सांगायचे काम नेहमी दुसऱ्या कुणीतरी केलेले होते. ती दारातच खाली बसली आणि तिच्यातून असा काही आवाज निघाला की जनी आईच्या लुगड्यामागे लपली. वेणूने डोक्यावरची भाजीची पाटी उतरवली आणि ती शेजारी बसली. समजावले नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. फक्त बसली. कमलाकर आतून आले, तेही तिथेच जमिनीवर बसले. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. त्यांना रडताना मात्र मी कधीच पाहिले नाही.

काही वर्षांनी घरात रंगीत टीव्ही आला आणि मी वहाबभाईंकडे आलो. तोवर वल्लरी बेलापूरच्या एका कचेरीत नोकरीला लागली होती. मला जिन्यातून उतरवताना एक बाजू तिने धरली होती आणि दुसरी कमलाकरांनी. माझे सुटे भाग हळूहळू इतर संचांना लागले. माझी तक्रार नाही.

तुम्हाला सांगायचे ते एवढेच. माझे चित्र यायला उशीर झाला की लोक माझ्या पाठीवर थापट्या मारीत. त्यांना वाटे, बिघडलाच. खरे तर जुन्या संचाला आधी आतून तापावे लागते, तोवर पडदा काळा राहतो. थापट्यांनी चित्र लवकर आले नाही, एखादी तार मात्र ढिली झाली. आम्ही यंत्रे ते सोसतो. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी असे गप्प बसलेले असेल, तर ते कुणाचे, कुठून आले, असे विचारत बसू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. वेळ लागेल. लागू द्या.