तिन्ही वेळा तोच आकडा

कारखान्यांतल्या बॉयलरचे दाबमापक तपासून त्यांवर शिक्का मारणे, हे त्याचे काम. नव्याने रुजू होणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी दोन इंग्रजी विशेषणे समजावून सांगे, कारण शब्दकोशात बहुधा दोहोंपुढे ‘अचूक’ असेच लिहिलेले असते. जे उपकरण दरवेळी तेच उत्तर देते ते प्रिसाइज. जे खरे उत्तर देते ते अ‍ॅक्युरेट. कायम दहा मिनिटे मागे असणारे घड्याळ प्रिसाइज असते आणि गाडी चुकवते. म्हणून प्रमाणित मापकाशेजारी लावून पाहिल्याखेरीज तो शिक्क्याला हात लावत नसे.

घरी मात्र त्याने तो बिनदिक्कत मारला होता.

वडिलांसाठी रक्तदाबाचे यंत्र त्यानेच आणले होते. बाबांचे डोके सारखे जड असते, दवाखान्यात दाखवू या, असे वहिनी म्हणाली, तेव्हा त्याने त्यांच्या काटकुळ्या दंडाला पट्टा गुंडाळून तीनदा दाब मोजला. तिन्ही वेळा तोच आकडा, आणि तोही हवाहवासा. ‘वाटणे’ आणि ‘मोजणे’ यांतला फरक त्याने वहिनीला ऐकवला. दवाखान्याचा विषय तिथेच संपला. महिनाभरात वडिलांची उजवी बाजू लुळी पडली.

आत्याने, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीने, कारण केव्हाच शोधून ठेवले होते: सुनेचा मिठाचा हात सैल. येता-जाता ती ते बोलून दाखवी. दादा ऐकून न ऐकल्यासारखे करी. वहिनीने मिठाची बरणी माळ्यावर टाकली, सगळे घर अळणी जेवू लागले, तरी टोमणे थांबेनात.

काल वडिलांचा व्यायाम घ्यायला आलेल्या बाईंनी ते यंत्र पाहिले आणि तो एकटा असताना सहज सांगितले, की हा पट्टा जाड दंडाचा आहे. बारीक दंडावर तो दाब कमीच दाखवणार. त्यांनी आपला लहान पट्टा लावून दाखवलाही. आकडा बराच वर गेला. तेव्हाच असा नकोसा आकडा आला असता, तर आपण यंत्र, पट्टा, सगळे उलटेपालटे करून पाहिले असते, हे त्याला पक्के ठाऊक होते. पट्टा योग्य असता तरी झटका टळलाच असता असे कोणी सिद्ध करू शकत नव्हते. हा युक्तिवाद त्याला इतक्या चपळाईने सुचला की त्याचीच त्याला लाज वाटली.

आज दुपारी पानावर बसताच आत्या म्हणाली, “आता अळणी करतेस बाई. तेव्हा कुठे गेलं होतं हे शहाणपण?”

त्याने घास खाली ठेवला. पट्टा, दंड, दाब, सगळे रीतसर समजावून सांगितले.

दादाने लगेच वाट काढून दिली. “म्हणजे यंत्राचाच दोष.”

“यंत्र ठीक होतं. मी ते कशाशी ताडून पाहिलं नाही.”

आत्या पाण्याचा पेला हातात धरून बसली. त्याला जरा हलके वाटू लागले होते, तोच वहिनी वाढता वाढता थांबली.

“भाऊजी, मी दवाखान्याचं म्हणाले होते, ते राहिलं.”

“राहिलं,” तो म्हणाला.

“तेही सांगा. आत्यांना नीट ऐकू जाईल असं.”

त्याने आत्याकडे तोंड वळवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.