जॉनीची गाडी का थांबत होती

वाकोल्याच्या गावठाणात क्रूसापाशी शे-दीडशे माणसं जमली होती आणि सगळी एका जुन्या मोटारीकडे हात जोडून पाहत होती. गेल्या वर्षी वारलेला जॉनी त्या मोटारीत वस्तीला आला आहे, असं श्यामकांत महाराजांनी जाहीर केलं होतं. हिंदू काय, ख्रिस्ती काय, कुणीच मागे नव्हतं. भोळेपणात आपल्याकडे उत्तम एकोपा असतो.

सहदेव गर्दीच्या कडेला उभा राहून धुमसत होता. चाळीस वर्षं त्यानं टॅक्स्यांचं वायरिंग केलेलं, आणि दोस्ताची ही गाडीही त्याच्याच हातची. शिमग्याला तो मालवणकडे घर बांधायला गेला, तो कालच परतला. आल्या आल्या जॉनीच्या बायकोची, सेराफिनाची हकिकत त्याच्या कानावर आली.

सेराफिनाच्या छातीत गाठ होती. लगेच काढली तर बऱ्या व्हाल, असं डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. त्या घरची रीत अशी, की महत्त्वाच्या कामाला जॉनीच्या गाडीतूनच निघायचं आणि आधी क्रूसापाशी थांबून अख्खी रोझरी, म्हणजे अर्धा तास चालणारी प्रार्थनेची माळ, म्हणायची. मुलगा ॲश्टन गाडी चालवायचा. तीनदा ती इस्पितळाला निघाली आणि तिन्ही वेळा गाडी हमरस्त्याच्या वळणावर बंद पडली. मग महाराज धावून यायचे, बॉनेट उघडून आत ओलं फडकं ठेवायचे, अर्धा तास काहीतरी पुटपुटायचे. भक्त धक्का मारायचे आणि गाडी निमूट घरी यायची.

"दवाखान्याकडे तोंड केलं की जॉनी रुसतो, घराकडे केलं की हसतो," महाराज सांगायचे. "स्टिअरिंगमागचा तो लाल दिवा बघा, त्याचा डोळा आहे तो. सुरीला शिवू नका. या फडक्याचं पाणी प्या, गाठ विरघळेल." त्या पाण्याला इंजिनाच्या तेलाचा वास यायचा, लोक त्यालाही सुगंध म्हणू लागले होते. रिक्षानं जाऊ, असं ॲश्टन म्हणून बघायचा. पण नवऱ्याचा शब्द मोडायला सेराफिना तयार नव्हती, आणि बघता बघता ऑक्टोबर उजाडला.

आज महाराज जॉनीला दवाखान्याबद्दल शेवटचं विचारणार होते. रोझरी संपता संपताच गाडीनं आचके दिले आणि ती जागीच थांबली. महाराज फडकं घेऊन पुढे झाले, तेव्हा सहदेव आडवा आला. रोझरी चालू असताना इंजिन बंद का केलं नाहीस, असं त्यानं ॲश्टनला विचारलं.

"बंद केलं तर परत स्टार्टच होत नाही, अंकल. बॅटरी उतरलेली असते."

सहदेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डायनामो थकलाय, म्हणून बॅटरी भरत नाही आणि लाल दिवा पेटतो, एवढंच ते डोळ्याचं प्रकरण. म्हणून इंजिन अर्धा तास उभ्या उभ्या धगधगत ठेवायचं. त्या धगीनं कॉईल, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा डबा, तापून दम टाकायची, आणि ओल्या फडक्यानं निवली की घरापर्यंत निमूट चालायची. त्यानं प्लगची वायर काढून सगळ्यांसमोर इंजिन फिरवायला लावलं. ठिणगी नाही. मग स्वतःचा रुमाल नळाखाली भिजवून कॉईलवर ठेवला, एक मंत्र न म्हणता वीस मिनिटं बसला आणि पुन्हा फिरवायला सांगितलं. इंजिन कण्हत फिरलं आणि निळी ठिणगी तडतडली.

"बॉनेटखाली एवढ्या वस्तू, महाराज," सहदेव म्हणाला, "तुमचं फडकं नेमकं कॉईलवरच कसं पडतं? टॅक्सी किती वर्षं चालवलीत?"

महाराजांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग जॉनीला मुक्ती मिळाली म्हणाले, आणि अर्धी गर्दी त्यांच्या पाया पडायला वाकली.

सेराफिनाला त्याच दुपारी रिक्षानं इस्पितळात नेलं. आठवड्यानं तपासण्यांचे निकाल हाती आले. रोग फुप्फुसांत गेला होता. आता कापून उपयोग नव्हता. सहदेव भेटायला गेला, तेव्हा तिनं त्याला खाटेजवळ बसवलं.

"सहदेवभाऊ, म्हणजे जॉनी काही बोललाच नव्हता?"

"नाही, वहिनी. कॉईल तापत होती."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

ती रडली नाही. सहदेवला मात्र राहवलं नाही. मी इथं असतो तर तासाभराचं काम होतं, एवढंच तो कसंबसं बोलला. पुढे त्यानं कॉईल बदलली, डायनामो दुरुस्त केला. ते बघायला गावठाणातलं कुणीही आलं नाही. महाराज आता शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी बंद पडलेल्या पंपाशी बोलतात म्हणे, आणि तिथंही गर्दी असते.

म्हणून सांगतो, वाचणाऱ्यानं तरी ऐकावं. यंत्र बंद पडलं तर मिस्त्रीला विचारा. गाठ आली तर डॉक्टरकडे जा. रिक्षानं जा, चालत जा, पण त्याच दिवशी जा. मेलेल्या माणसाची परवानगी मागू नका. तो देऊ शकत नाही, आणि नाकारूही शकत नाही.