उत्तरबाईचं ‘माहीत नाही’

“दुःखातल्या माणसाला कारण सांगायला जाऊ नकोस गं. त्याला ते नको असतं.”

सासूबाईंनी हे सांगितलं, तेव्हा ती जिना उतरायच्या घाईत होती. “हो आई,” म्हणाली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. सासूबाईंनी चाळीस वर्षं कॉलेजात धर्माचं तत्त्वज्ञान शिकवलेलं. त्यांना सरळ गोष्टीतही गुंता दिसायचाच, असं तिचं मत.

आणि कारणं सांगण्यात तर तिचा हातखंडा! लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. तिथला नियमच असा, की समोरच्याला दीड मिनिटाच्या आत काहीतरी कारण ऐकवायचं. दार अडलं? वीज कमी-जास्त झाली असेल. लिफ्ट हिसका देते? वजन जास्त झालं असेल. कारण कानावर पडलं की माणूस निवतो, मग ते खरं असो वा नसो. यात ती इतकी तरबेज, की ऑफिसात तिचं नावच ‘उत्तरबाई’ पडलं होतं.

त्या दिवशी ती खालच्या मजल्यावरच्या शिवणताईकडे निघाली होती. शिवणताई म्हणजे शाळेचे गणवेश शिवणारी, तोंडाने सतत गुणगुणणारी बाई. नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. महिन्याभरापूर्वी तिचं आठव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं होतं. दार उघडून तिने एवढंच विचारलं, “ताई, माझंच का हो?”

उत्तरबाईला दीड मिनिटही लागलं नाही. “देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो. तुम्ही फक्त श्रद्धा ठेवा. सगळं नीट होईल.”

शिवणताईने हळूच मान हलवली. उत्तरबाई वर आली, ती एक काम हातावेगळं केल्याच्या समाधानात. सात वर्षांची लेक दारातच उभी होती.

“आई, देवाने काकूंचं बाळ का नेलं?”

“देवाबद्दल असलं काही विचारू नये. हात धू आधी.”

तशी उत्तरबाई भारी काळजीखोर. लेक एकदा शिंकली तरी थर्मामीटर शोधायला धावणारी. पण खालच्या मजल्यावर तीन आठवडे काय चाललंय, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही. उत्तर देऊन झालं होतं ना!

मग लेकीच्या फ्रॉकची शिलाई उसवली, म्हणून एका सकाळी दोघी खाली गेल्या. शिवणताई सुईत दोरा ओवायला बसली. एकदा चुकली, दोनदा चुकली. चौथ्या वेळी सुई खाली ठेवून तिने कपाळ दाबून धरलं.

“डोळ्यांपुढे धुरकट दिसतंय हो. डोकं तर चार दिवस ठणकतंय.”

उत्तरबाईला एकदम आठवलं. गरोदरपणात शिवणताईचा रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी गोळी सोडायची नाही म्हणून बजावलं होतं. “आज गोळी घेतलीत ना?”

“सोडली.”

“सोडली? कधी?”

“तुम्ही येऊन गेलात तेव्हाच.” शिवणताई शांतपणे म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना ताई, देव परीक्षा बघतोय. मग परीक्षेत कुणी कॉपी करतं का? आता श्रद्धेवरच पास व्हायचं.”

सवयीने उत्तरबाई आणखी एक कारण शोधू लागली, तेवढ्यात फ्रॉक हातात धरून उभी असलेली लेक म्हणाली, “पण काकू, देवाला तर सगळं आधीच माहीत असतं. मग तो परीक्षा कशाला घेईल? आमच्या बाईंना कळत नाही कुणाला काय येतं, म्हणून त्या घेतात.”

शिवणताई पोरीकडे बघतच राहिली. आणि उत्तरबाईने आयुष्यात पहिल्यांदा हातातलं उत्तर खाली ठेवलं.

“शिवणताई, मी चुकले. तुमचं बाळ का गेलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण तुमचं काही चुकलं म्हणून नाही गेलं, हे नक्की.”

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी ती बाई ओक्साबोक्शी रडू लागली. लेकीने धावत जाऊन आजीला बोलावून आणलं. सासूबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. “बोलणं मागाहून. आधी दवाखाना!”

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे! त्यांनी लगेच औषध दिलं आणि तासभर बाकावर बसवून ठेवलं. “आणखी दोन दिवस थांबला असतात तर अवघड होतं,” एवढंच ते म्हणाले.

बाकावर शिवणताईने सगळं सांगितलं आणि सासूबाईंना विचारलं, “आई, मग देव नाहीच का?”

“असं कुठे म्हटलं कुणी? मानणं न मानणं तुझं तू ठरव,” सासूबाई म्हणाल्या. “देव सगळं जाणतो, सगळं करू शकतो, सगळ्यांचं भलं चिंततो. मग दुःख का? जगभरच्या शहाण्यांनी यावर डोकं झिजवलंय. कुणी म्हणालं, माणसाला हवं तसं वागायची मोकळीक दिली म्हणून. कुणी म्हणालं, मन घडावं म्हणून. कुणी म्हणालं, आपली नजर तोकडी म्हणून. सगळी उत्तरं मी फळ्यावर लिहिली, मुलांना पाठ करायला लावली. पण बाळ गेलेल्या आईसमोर मोठ्याने वाचावं, असं त्यातलं एकही नाही.”

“आणि श्रद्धा?”

“श्रद्धा असेल तर बुद्धीही देवानेच दिली, असं मानशील ना? मग ती वापरली तर त्याला राग का यावा? गोळी घेणं ही कॉपी नव्हे, वेडाबाई!”

शिवणताई रडता रडता फिस्सकन हसली.

सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं. “चाळीस वर्षांत माझ्या वर्गात इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. काय गं सूनबाई, हिला गप्प बसवत होतीस ना?”

उत्तरबाईची मान खाली गेली, पण ऊर अभिमानाने भरून आला. जिला ‘विचारू नये’ म्हणून दटावलं, त्याच पोरीच्या प्रश्नाने आज एक जीव वाचवला होता! आणि जिचं बोलणं कानाआड केलं, ती सासू या पोरीची आजी होती. असं घर कुणाच्या वाट्याला येतं!

त्यानंतर रोज संध्याकाळी उत्तरबाई खाली जाऊन नुसती बसू लागली. गोळी घेतली का, विचारायची आणि ऐकत राहायची. एके दिवशी शिवणताईने बाळासाठी ठरवलेलं नाव सांगितलं. तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं.

बंधूंनो, भगिनींनो, देवावर विश्वास असो वा नसो, दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. मुलांना प्रश्न विचारू द्या. आणि स्वतः ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. त्यात देवाचा अपमान नाही, माणसाचा मान आहे. तुम्हीही कधी कुणाला ‘श्रद्धा ठेवा, होईल नीट’ सांगून परत फिरला असाल. ते माणूस आज कसं आहे? जेवतंय का? औषध घेतंय का? हे पान मिटा आणि जाऊन त्याचं दार वाजवा.