माझं पोट हळू पाण्यावर

मी टर्बाइन बोलतोय. भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करणारा. जन्म साक्रीजवळ, पांझरेच्या काठी. हसून घ्या. माझ्या गावानं वर्षभर दुसरं काही केलेलं नाही.

मला दीपमालानं बनवलं. ती जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. सर म्हणाले, मागच्या वर्षीचाच प्रोजेक्ट कव्हर बदलून आण. ती बॅग भरून घरी आली. गावातल्या थोरांनी तिलाच वाया गेलेली ठरवलं. सरांना कोणी काही म्हणालं नाही. ते पगारी आहेत.

माझं अंग म्हणजे लग्नात पाणी ठेवायचे दोन निळे ड्रम, उभे चिरलेले. चार अर्धुकं झाली, तीन मला लागली. चौथं गोठ्यात म्हशीला पाणी पाजतं, आणि गावाच्या मते आमच्यात तेच कामाचं निघालं. मधे उभा दांडा, त्याला जुन्या स्कूटरचे बेरिंग. घट्ट वंगण पुसून त्यात शिलाई मशीनचं तेल घातलंय.

कारण खाडीचं पाणी बहुतेक ठिकाणी धावत नाही, रेंगाळतं. बारीक पात्यांची नखरेल यंत्रं तिथं नुसती उभी राहतात. हळू पाण्याला रुंद पाती हवीत आणि दांडा असा हलका, की बोटानं फिरावा. पाणी येवो की जावो, मी एकाच दिशेनं फिरतो. गिरधरनाना कुणीही कुठूनही ढकललं तरी फिरत नाहीत.

नाना म्हणजे दीपमालाचे आजोबा, गावचे पाटकरी. कुणाच्या शेतात कधी, किती पाणी जायचं हे चाळीस वर्षं तेच ठरवतात. मला बघून रोज एकच प्रश्न.

"आठे समुद्र कोठे शे वं?"

"समुद्र नही, नाना. पन हळू पानी शे ना तुमना पाटमा."

त्याच पाटात मी फिरायला शिकलो.

मग कोकणातून सुलक्षणा मॅडम आल्या. खाडीतल्या तराफ्यावर अशी यंत्रं तपासणं हे त्यांचं काम. तराफ्यावर एकच जागा उरली होती. मी फिरलो तर ती माझी. नाही तर घरच्यांनी दीपमालाला दिलेली वर्षाची मुदत संपली. मग तिनं मुकाट कॉलेजात जायचं, त्याच सरांसमोर.

थोर मंडळी टोप्या घालून जमली. केळीचे खांब लागले, नारळ फुटला. आणि नानांनी पाटाची फळी पूर्ण वर ओढली! पाहुण्याला कमी पाणी दाखवणं म्हणजे गावाची बेअब्रू. पाट धो धो आला. मी असा गरगरलो की माझ्या विजेवर लावलेला दिवा फट्कन उडाला. मंडळींनी टाळ्या पिटल्या.

"एवढ्या पाण्यात बादलीसुद्धा फिरेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दीपमाला उसळली. "नाना, फळी खाले करा!"

"पाव्हनासमोर पानी तोडू? लोके काय म्हनतीन?"

"लोके काय म्हनतीन, हाईच ऐकीसन मी मोठी व्हयनू! आते करा!"

सगळ्या थोरांना एकदम खोकला आला. नाना उठले. चुकलो, असं म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांच्या पिढीला कुणी शिकवलेलाच नाही. चपला काढून पाटात उतरले आणि फळी स्वतः रेटून खाली बसवली.

पाणी उतरलं. मी थांबलो. केळीचं एक पान कडेकडेनं रेंगाळत आलं आणि माझ्या पुढं निघून गेलं. मग एक पातं कुरकुरलं. सरकलं. मग दुसरं.

नाना पाण्यातच उभे राहून फेऱ्या मोजायला लागले. "एक... दोन..."

मॅडमच्या मीटरचा काटा हलला. सातव्या फेरीला त्यांनी टोपण काढलं.

आज मी गोणपाटात गुंडाळलेला, खाडीवर जायला टेम्पोत. शेजारी दीपमाला. तुमच्या घरात कुणी असं वेडं यंत्र करत असेल, तर मदत जरा बेतानं करा, एवढंच मागणं.

टेम्पो सुरू झाला तसे नाना जवळ आले. "तठे पानी कोन सोडस वं?"

"चंद्र, नाना."

त्यांनी दिवसाउजेडी आभाळाकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "त्याले सांगजो, दमानं सोड."

निरोप पोचवतो, नाना. चला, येतो.