झफीराची दोन कडवी

मिरेयाबरोबर एक गाणं गायलं तर पदरात काय पडेल, हा हिशेब झफीराने आधी मनात मांडला आणि मग सेवदासमोर मोठ्याने वाचून दाखवला. अख्खा उन्हाळा टीव्हीवर. गाण्यांच्या कंपनीच्या कॅलेंडरात पुन्हा एक पान; गेली दोन वर्षं तिला पान नव्हतं आणि त्याआधी फेब्रुवारी दिला होता, म्हणजे महिनाही तोकडाच. समुद्रकाठच्या हॉटेलांतले कार्यक्रम ऐन गर्दीत, नाहीतर हल्ली तिला बोलावणं यायचं ते पाहुणे घरी परतल्यावर, खुर्च्या उचलायच्या सुमारास. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे दोन कडवी. दोन मिरेयाची, दोन तिची. क्रस्त्योने तसा शब्द दिला होता, आणि कंपनीत क्रस्त्योचा शब्द शेवटचा.

"आणि तोटा?" सेवदाने विचारलं. वीस वर्षं ती झफीराचा चेहरा रंगवत होती. त्या चेहऱ्यावर कुठे काय खर्ची पडलंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"तोटा कसला त्यात?"

"अगं, पोराबरोबर गायलीस की पाच वर्षांनी लहान होतेस. पोरीबरोबर गायलीस की तिची आई होतेस. धंद्याची रीत आहे."

"मी छत्तीसची आहे."

"हो तर. आठ वर्षं झाली तुला छत्तीस लागून. डोळे मीट, पापणी चिकटवू दे."

झफीराचं घरचं नाव पेन्का. झफीरा हे कंपनीने ठेवलेलं, आणि कंपनीच्याच मालकीचं. चाल्गा, म्हणजे लग्नांत-हॉटेलांत वाजणारी नाचाची गाणी, गाणाऱ्या निम्म्या मुलींचे करार असेच असतात: जायचं तर खुशाल जा, नाव मात्र दारात काढून ठेवायचं. झफीराचा करार पानगळीच्या सुमारास संपत होता. नाव काढून ठेवलेल्या पेन्का दोब्रेवाला गावजत्रेतसुद्धा कुणी स्टेजवर चढू दिलं नसतं.

रेकॉर्डिंग झकास झालं. मिरेया पाझारजिकची, बावीस वर्षांची, गुणी पोर. "ताई, इथं श्वास कुठं घेऊ? ताई, हा शब्द ओढू का?" असं सारखं ताई-ताई. झफीराने तिला हात न आखडता शिकवलं. मग स्वतःची दोन कडवी अशी गायली, की काचेपलीकडचा माणूस सँडविच खायचा थांबला. चेहऱ्याचं वय सेवदा झाकायची. गळ्याचं झाकायची गरजच नव्हती. त्या दिवशी झफीरा प्लोवदिवच्या रस्त्याने स्वतःशी गुणगुणत घरी गेली.

व्हिडिओचं काम असेनोवग्रादला ठेवलं होतं. तिथे रस्ताभर लग्नाच्या कपड्यांची दुकानं, म्हणजे झगे भाड्याने स्वस्त. कपड्यांच्या खोलीत दोन पोशाख टांगलेले होते. एक पांढरा, मैलभर लांब. दुसरा वाइनच्या रंगाचा कोट आणि स्कर्ट, छातीशी कोबीएवढं कापडी फूल.

"हा कुणाचा?"

क्रस्त्योने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "झफे, गोष्ट अशी आहे बघ. मिरेया नवरी. आता नवरी म्हटली की सासू हवीच ना कुणीतरी."

"मी गाणार आहे ना पण यात?"

"म्हणजे काय! सासू गाणार."

"कुठली सासू गाते रे?"

"माझी तर थांबतच नाही." मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "हे बघ, मन नसेल तर राहू दे. पानगळीत करार आहेच, तेव्हा निवांत बोलू."

निवांत म्हणजे काय, हे झफीराला कळत होतं. तिने कोट अंगात चढवला. कमरेत तो नेमका बसला, याचंच तिला जास्त लागलं.

"कानाशी थोडे पांढरे दिसू देत म्हणालेत," सेवदा खाली बघत म्हणाली.

"दिसू देत. तेवढाच तुझा रंग वाचला."

प्रसंग साधा होता. घराच्या दारात पांढरं कापड अंथरलेलं. सासूने गोल पावाचा तुकडा मोडायचा, मधात बुडवायचा, नव्या सुनेला भरवायचा. गोड बोल, गोड राहा. प्रत्येक लग्नात होतं तेच. झफीराच्या मनात मात्र गोड काही नव्हतं. पोरीच्या ओठांचा रंग पुसून काढायचा, बस्स, एवढंच तिने ठरवलं होतं. हातात दुसरं हत्यार तरी कुठलं होतं?

तिने मिरेयाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात कोंबडी न्याहाळावी तसं. हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मुठीएवढा तुकडा मोडला, मध कोपरापर्यंत ओघळेस्तोवर बुडवला आणि कोंबला. वर अंगठ्याने पोरीचं तोंड पुसलं, अंगठा चाटला आणि कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली: ठीक आहे, चालवून घेऊ.

सगळे पोट धरून हसायला लागले. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला नाही.

"मावशी, अहो, गुदमरले ना मी!" मिरेया भरल्या तोंडाने म्हणाली. सकाळपर्यंत ताई होती.

व्हिडिओ आला त्या दिवशी क्रस्त्योचा फोन आला. "झफे, देश वेडा झालाय! लोक मधाचा तुकडाच पुन्हा पुन्हा लावतायत!"

"माझी कडवी कुठायत?"

"अगं, गाणं लांबत होतं. मध ठेवायचा तर काहीतरी जाणारच. शेवटी तुझी एक 'आह' ठेवलीय की."

उन्हाळाभर ती टीव्हीवर होती, हिशेबाप्रमाणेच. भाजीबाजारात बायका लांबूनच हाका मारत, "सासूबाई, या टोमॅटोंना जरा बघा बरं तसं!" आणि हसून लोळत. कार्यक्रमही येऊ लागले, शनिवारच्या शनिवारी, सगळे लग्नांचे. गाणं कुणी मागत नव्हतं. दारात उभं राहायचं, नवरीला न्याहाळायचं, मध कोंबायचा, फोटो काढायचे, निघायचं. शेवटी तिने अट घातली: आधी मध, मग माझं एक गाणं, पुरतं. हास्कोवोच्या पांचोने, मुलाच्या लग्नासाठी, ती लगेच कबूल केली. "एक काय, दोन म्हणा, ताई!"

हास्कोवोला भर दुपारी हॉटेलच्या दारात कापड अंथरलं होतं. भिंतीशी एक बाई उभी होती, हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला पाव, वर कणकेचीच पानं-फुलं काढलेली.

"किती सुंदर केलाय," झफीरा म्हणाली. "कुणी केला?"

"मीच. मी स्लाव्का. मुलाची आई." बाई ओशाळून हसली. "पोरं म्हणाली तुम्ही येणार. मग म्हटलं, असू दे."

"तर मग तुम्हीच भरवा ना. तुमचा मान आहे."

"छे, छे. सगळे फोन काढून उभे आहेत. माझं काय बघणार? तुम्हीच करा, बाई. आणि तो हॉटेलचाच पाव घ्या. माझा जरा कडक झालाय."

झफीराने न्याहाळलं, कोंबलं, अंगठा चाटला. लोक टाळ्या वाजवत कोसळले. "अजून एकदा! सासूबाई, अजून एकदा!" ते तिने तीनदा केलं.

मग तिने माइक घेतला. गाणं तिचंच होतं. एके काळी याच गाण्यावर टेबलांवर नाचून लोकांनी टेबलं मोडली होती. पहिल्या ओळीला चार-दोन हात वर झाले. दुसऱ्या ओळीला भाजलेलं कोकरू आलं. तिसऱ्या ओळीला हात ताटांत गेले. आवाज काही कमी पडला नव्हता, हेच वाईट. फाटका असता तर निदान कुणी चेष्टेने तरी ऐकलं असतं. पहिलं कडवं संपलं तशी पांचोने येऊन अदबीने तिच्या कोपराला हात लावला.

"फारच छान, ताई. पण आता मिरेयाचं लावू का? पोरं कधीची खोळंबलीत."

"एक कडवं राहिलंय."

"हो, हो, म्हणूच की. जेवणानंतर."

जेवणानंतर टॅक्सी आली.

पैसे पांचोने मोजले, निम्मे कंपनीने घेतले. पानगळीत करार वाढला, नाव तिच्याकडे राहिलं, आणि गाण्याचं कलम क्रस्त्योने "तुलाच त्रास नको" म्हणून गाळलं. मिरेयाला आणखी तीन-चार उन्हाळे मिळतील. तिच्या पाठीमागे रांगेत उभ्या असलेल्या पोरी तिला आत्ताच ताई म्हणायला लागल्यात. नावाच्या बदल्यात पेन्काने गळा दिला, धडधाकट असताना. आणि ज्यांनी सगळ्यांत जास्त दिलं त्यांचं नाव कुठल्याच हिशेबात आलं नाही: स्लाव्काबाई एकुलत्या एका मुलाच्या लग्नातून आपला पाव, न मोडलेला, परत घरी घेऊन गेल्या.